‘संघात जिद्दच दिसली नाही’ हे निदान तपासायचे कसे?

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडने भारताला भारतातच ३-० असे हरवले. २०१३ पासून मायदेशात सलग १८ कसोटी मालिका जिंकलेल्या संघाची आधी बंगळूरला, मग पुण्याजवळच्या गहुंजे येथे आणि शेवटी वानखेडेवर अशी वाताहत झाली, तेव्हा नाक्यानाक्यावर एकच निदान ऐकू येत होते : खेळाडूंमध्ये जिद्द उरली नाही, इंटेन्सिटी दिसत नाही, देहबोलीच पडलेली आहे. असे निदान कधीकधी खरेही असते. अडचण इतकीच की ते करायला निकालाखेरीज दुसरा कोणताही पुरावा लागत नाही, आणि ज्याला निकालच पुरावा म्हणून पुरतो त्या कारणातून संघाने पुढे काय सुधारावे हे कधीच कळत नाही. म्हणून कोणत्याही पराभवाबाबत हे विधान मान्य करण्यापूर्वी काय काय पडताळून पाहावे, ते याच मालिकेच्या आधाराने पाहू.

सर्वांत आधी विधानाला तपासता येईल असे रूप द्यावे. ‘त्वेष नव्हता’ हे विधान खोडताही येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. त्याऐवजी कोणाचा त्वेष कमी पडला, कोणत्या सत्रात पडला आणि कोणत्या कृतीत तो दिसला, हे विचारावे. खेळातील काही कृती मुख्यतः इच्छेवर अवलंबून असतात : दुसऱ्या धावेसाठी झपाट्याने वळणे, सीमारेषेजवळ सूर मारणे, थ्रोच्या मागे आधाराला धावत जाणे, दिवसाच्या अखेरच्या षटकांतही टप्पा सैल न होऊ देणे. उशिरा वळणारा चेंडू ओळखणे किंवा उसळीचा अंदाज घेणे मात्र इच्छेने साधत नाही. तिथे कौशल्य आणि सरावच लागतो. आरोप पहिल्या प्रकारच्या कृतींवरून केलेला असेल तरच पुढे जाण्यात अर्थ आहे. देहबोलीचा दाखला तर फारच जपून घ्यावा, कारण गडी बाद झाल्यावर खांदे पाडून परतणारा फलंदाज हा पराभवाचा परिणाम असतो आणि आपण त्यालाच कारण समजून बसतो.

त्यानंतर परिस्थिती पाहावी. बंगळूर कसोटीचा पहिला दिवस पावसाने वाया गेला, दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेले असताना भारताने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि संपूर्ण संघ ४६ धावांत गारद झाला. भारतात भारताने केलेली ही सर्वांत कमी धावसंख्या. पाच फलंदाजांना भोपळाही फोडता आला नाही. मॅट हेन्रीने १५ धावांत ५, तर विल्यम ओरूर्कने २२ धावांत ४ गडी टिपले. खेळपट्टी ओळखण्यात आपली चूक झाली, असे रोहित शर्माने नंतर स्वतःच सांगितले. आता याच सामन्याचा दुसरा डाव शेजारी ठेवावा. पहिल्या डावात शून्यावर बाद झालेल्या सरफराज खानने १५० धावा काढल्या, ऋषभ पंत ९९ वर बाद झाला आणि संघाने ४६२ पर्यंत मजल मारली. एकाच खेळाडूची जिद्द दोन दिवसांत शून्यावरून दीडशेवर गेली असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. बदलले होते ते हवामान, खेळपट्टी आणि चेंडूची हालचाल. हीच गोष्ट उलट्या बाजूनेही दिसते : याच डावात ३ बाद ४०८ वरून उरलेले सात गडी अवघ्या ५४ धावांत गेले, आणि ते न्यूझीलंडने दुसरा नवा चेंडू हाती घेतल्यावर.

प्रतिस्पर्ध्याने काय केले, हे पाहण्यात आपण सर्वांत जास्त कंजुषी करतो. गहुंजेच्या संथ खेळपट्टीवर मिचेल सॅंटनरने ५३ धावांत ७ आणि १०४ धावांत ६ असे एकूण १३ बळी मिळवले. त्या सामन्यापूर्वी कसोटीच्या एका डावात पाच बळी त्याने एकदाही घेतले नव्हते, म्हणून ‘असल्या गोलंदाजासमोर कोसळता म्हणजे मनच नव्हते’ असा युक्तिवाद पटकन सुचतो. पण खेळपट्टीकडे बघा. चेंडू पडल्यावर थांबून येत होता, एखादा वळत होता आणि त्याच टप्प्यावरचा पुढचा सरळ आत घुसत होता, तर सॅंटनर टप्पा न सोडता केवळ वेग कमी-जास्त करीत होता. अशा वेळी बॅट लवकर फिरते किंवा चुकीच्या रेषेत येते, आणि फलंदाज पायचीत वा त्रिफळाचीत होतो. विराट कोहली त्याच्या फुलटॉसवर आडवा फटका मारताना त्रिफळाचीत झाला. बाद होण्याची ही रीत पाहायला वाईट खरी, तरी ती अंदाज चुकल्याची खूण आहे, अनिच्छेची नव्हे. शिवाय ही खेळपट्टी एकट्या भारतालाच नडत होती असेही नाही. न्यूझीलंडच्या पहिल्या डावातील दहाही बळी ऑफस्पिनर्सनी घेतले, सात वॉशिंग्टन सुंदरने आणि तीन आर. अश्विनने. इतके वळण मिळत असताना नाणेफेक जिंकून आधी २५९ धावा फळ्यावर लावणारा संघ पुढे राहिला, यात गूढ काही नाही.

पुढची पायरी मला सर्वांत उपयोगी वाटते : फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा. संपूर्ण संघ मरगळला असेल तर मरगळ तिन्हींत दिसायला हवी, आणि आधी क्षेत्ररक्षणात, कारण तिथे श्रम जास्त आणि टाळ्या कमी. वानखेडेवर रवींद्र जडेजाने ६५ धावांत ५ आणि ५५ धावांत ५ बळी घेतले. न्यूझीलंड २३५ आणि १७४ धावांत बाद झाला. दुसऱ्या डावात डॅरिल मिचेलचा झेल अश्विनने मागे धावत जाऊन घेतला, तेही वयाच्या ३८व्या वर्षी. हे चित्र मन हरवलेल्या संघाचे नाही. मोडली ती फलंदाजी, आणि एकाच विभागातील मोडतोड संघाच्या मनोवृत्तीच्या माथी मारता येत नाही.

मोडतोड कशी झाली हे गडीगणिक तपासावे. वानखेडेवर १४७ धावांचा पाठलाग करताना भारत ५ बाद २९ झाला. रोहित पुलचा फटका चुकून झेल देऊन बसला, शुभमन गिलने सोडून दिलेला चेंडू यष्ट्यांवर गेला, कोहलीची कड स्लिपमध्ये गेली, यशस्वी जयस्वाल पायचीत झाला आणि सरफराजने फुलटॉस थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात मारला. या पाचांपैकी एकदोन ठिकाणी एकाग्रता ढळली असे म्हणता येईल; बाकी ठिकाणी एजाझ पटेल, ग्लेन फिलिप्स आणि हेन्री यांना श्रेय द्यावेच लागते. याच मुंबईत जन्मलेल्या आणि याच मैदानावर २०२१ मध्ये एका डावात दहाही बळी घेतलेल्या एजाझने या कसोटीत ११ बळी टिपले, हे विसरू नये.

एवढे झाल्यावर निकाल उलटा करून पाहावा. पंत ६४ धावांवर खेळत असताना झेलाचे अपील मैदानावरील पंचांनी फेटाळले होते; न्यूझीलंडने दाद मागितल्यावर तिसऱ्या पंचांनी त्याला बाद ठरवले. आवाज बॅटला चेंडू लागल्याचा की बॅट पॅडला घासल्याचा, यावर पुढे बरीच चर्चा झाली. भारत तेव्हा ७ बाद १०६ झाला, ४१ धावा हव्या होत्या, आणि संघ २५ धावांनी हरला. तो निर्णय पंतच्या बाजूने लागून भारत जिंकला असता, तर त्याच अकरा जणांच्या त्याच तीन दिवसांच्या खेळाला आपण ‘झुंजार’ म्हणालो असतो. जे स्पष्टीकरण एका निर्णयाने पालथे होते, त्याच्यावर संघनिवडीसारखा मोठा निष्कर्ष उभारू नये.

जिंकलेल्या सामन्यांशी तुलना तर अवश्य करावी. १ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे बंगळूरच्या जेमतेम दोन आठवडे आधी, याच संघाने कानपूरला बांगलादेशाविरुद्ध पावसाने दोन दिवस खाल्लेला सामना जिंकला होता, ३४.४ षटकांत ९ बाद २८५ वर डाव घोषित करण्याचे धाडस तेव्हा सर्वांनी डोक्यावर घेतले. तोच आक्रमकपणा महिन्याभरात बेफिकिरी ठरला. दुसऱ्या बाजूला न्यूझीलंड नुकताच श्रीलंकेत २-० असा हरून आला होता. गॉलला पहिल्या डावात तो ८८ धावांत बाद झाला होता. जिद्दीनेच सामने जिंकले जात असते, तर ती त्यांच्याकडे गॉलहून बंगळूरला येईपर्यंत कोठून आली, याचे उत्तर द्यावे लागेल.

हे सर्व वजा केल्यावर काय उरते? या मालिकेत थोडे उरते, आणि ते लपवू नये. वानखेडेवरील पहिल्या दिवसाची अखेरची काही मिनिटे पाहा. १ बाद ७८ अशी स्थिती असताना जयस्वाल रिव्हर्स स्वीपवर त्रिफळाचीत झाला, नाइट वॉचमन म्हणून, म्हणजे दिवसाअखेर प्रमुख फलंदाजाला वाचवण्यासाठी आधी पाठवलेला, मोहम्मद सिराज पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला, आणि कोहली चोरटी धाव घेताना हेन्रीच्या थेट फेकीवर धावचीत झाला. ४ बाद ८४. हे खेळपट्टीने केले नाही. पण येथेही त्वेष कमी पडला असे म्हणण्यापेक्षा घाई झाली, भान सुटले असे म्हणणे अचूक ठरेल, आणि उपायही त्यानुसार बदलतो : अशा संघाला चेतवायची नव्हे, शांत करायची गरज असते. मला तर वाटते की ज्याला आपण जिद्दीचा अभाव म्हणतो त्यातील बराचसा भाग अतिरिक्त ताणाचाच असतो.

पुढच्या सामन्याचा दाखला देताना मात्र सावध राहावे. वानखेडेनंतर तीनच आठवड्यांत भारताने पर्थ येथे पहिल्या डावात १५० धावांत बाद होऊनही ऑस्ट्रेलियाला २९५ धावांनी हरवले. जिद्द परतली, असे लगेच बोलले गेले. पण त्या अकरा जणांत रोहित, अश्विन आणि जडेजा नव्हते, नेतृत्व जसप्रीत बुमराकडे होते, आणि खेळपट्टी वेगवान गोलंदाजांची होती. इतक्या गोष्टी एकदम बदललेल्या असताना श्रेय एकाच गोष्टीला देता येत नाही; पुढे ती मालिका भारत १-३ अशी हरला, हेही हिशेबात धरावे.

शाळा, क्लब किंवा तालुका पातळीवरील प्रशिक्षकांकडे इतकी आकडेवारी नसते, तरी एक वही पुरते. निकालाने नजर बिघडण्याआधी, म्हणजे सामना चालू असतानाच, गुणलेखकाशेजारी बसलेल्या राखीव खेळाडूने मोजक्या नोंदी कराव्यात : शक्य असूनही न घेतलेली धाव, आधाराला कोणी नसल्याने गेलेली ओव्हरथ्रो, सुटलेला झेल आणि त्यासाठी खेळाडू हलला होता की नाही. कबड्डीत नोंदी बदलतील, आणि तिथे चकवाही मोठा आहे. आघाडीवर असलेला संघ जाणूनबुजून रिकाम्या, म्हणजे गुण न घेता परतण्याच्या, चढाया करतो, वेळ काढतो आणि अशा दोन चढायांनंतरच्या तिसऱ्या ‘करो या मरो’ चढाईलाच (जिच्यात गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो) जोर लावतो. बाहेरून तो संघ सुस्त दिसतो, प्रत्यक्षात मात्र तो ठरवून खेळत असतो. त्यामुळे कबड्डीत रिकाम्या चढाया मोजू नयेत. चढाईपटूला पकडल्यावर साखळीतील दुसरा खेळाडू मदतीला किती लवकर आला, आणि मध्यंतरानंतर तो वेग घटला का, हे टिपावे. घटला असेल, तरी तो दमामुळे घटला की इच्छा नसल्यामुळे, हे राखीव खेळाडू उतरवून पाहता येते. ताजा खेळाडू आल्यावर साखळी पुन्हा घट्ट झाली तर प्रश्न दमसासाचा होता, आणि त्याचे उत्तर पुढच्या महिन्याच्या सरावात शोधायचे असते.