बॅकगॅमन: डाव दुप्पट कधी करावा, कधी सोडून द्यावा

सांगलीत बुद्धिबळाचा पट लहान पोरही ओळखतं. बॅकगॅमनचा मांडला की मात्र येणारा-जाणारा विचारतो, "हा सारीपाट का?" अगदीच चूक नाही ते. दोन फासे, प्रत्येकी १५ सोंगट्या, २४ घरं. सगळ्या सोंगट्या आपल्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या आणि मग पटाबाहेर काढायच्या. एकटी सोंगटी मारली जाते, जुगाला, म्हणजे एकाच घरातल्या जोडीला, हात लागत नाही. एवढं तासाभरात जमतं. खरी गोची आहे ती शेजारच्या ठोकळ्यात. त्याच्या सहा बाजूंवर २, ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे असतात. खेळ फार जुन्या घराण्यातला, पण हा डबलिंग क्यूब त्यात आला १९२० च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये.

नियम सोपा. आपली पाळी आली की फासे टाकण्याआधी "दुप्पट" म्हणायचं. समोरच्याला दोनच वाटा: आहे त्या गुणांवर डाव सोडायचा, नाहीतर ठोकळा आपल्याकडे घेऊन दुप्पट गुणांवर खेळायचं. घेतला की ठोकळा त्याचा. पुढची दुप्पट फक्त तोच करू शकतो.

आमच्या शेजारच्या काकांचं आयुष्य हळदीच्या सौद्यात गेलं. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग ह्यो सौदाच की!" तरी पहिले पंधरा दिवस ते जरा मागे पडले की डाव सोडायचे. बहुतेक नवशिके तेच करतात.

म्हणून आधी सोडायचं कधी ते शिका. समजा डाव एका गुणाचा आहे, तुम्ही मागे आहात, समोरच्याने "दुप्पट" म्हटलंय, आणि अशीच परिस्थिती चार डावांत आली. चारही वेळा सोडलंत तर ४ गुण गेले. चारही वेळा घेतलंत आणि एकच डाव जिंकलात, तर तीन डावांचे ६ गेले, एकाचे २ आले. पुन्हा ४ गुणांचाच तोटा. म्हणजे चारात एक डाव, २५ टक्के, ही सीमारेषा. त्याहून जास्त आशा असेल तर हरत असतानाही ठोकळा घ्यायचा. काकांना ही वजाबाकी पटायला एक पावसाळी संध्याकाळ आणि दोन पुडे भडंग लागलं. (आम्ही पैसे लावत नाही. हरणाऱ्याने भडंग आणायचं.)

आता हेच पटावर मांडून बघा. तुमच्या दोनच सोंगट्या उरल्यात, पाचव्या आणि दुसऱ्या घरात (घरं बाहेर पडायच्या टोकापासून मोजायची). समोरचा पुढच्या दानात नक्की संपणार. फाशांची ३६ दानं असतात, त्यांतल्या १९ दानांत तुमच्या दोन्ही सोंगट्या निघतात. निम्म्याहून जास्त, म्हणजे दुप्पट करायलाच हवी. त्यालाही १७ दानं उरतात, म्हणून त्याने घ्यायलाच हवी. सोंगट्या चौथ्या आणि पहिल्या घरात असत्या तर २९ दानं तुमची. उरलेली ७ म्हणजे वीस टक्क्यांच्याही आत, तिथे त्याने मुकाट्याने सोडावं.

दोघांच्या सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्या की उरते नुसती शर्यत. मग पावलं मोजा: प्रत्येक सोंगटी बाहेर पडायला किती घरं, त्यांची बेरीज. सुरुवातीला ही बेरीज दोघांचीही १६७ असते. लांब शर्यतीत ८, ९, १२ लक्षात ठेवा. आपल्या बेरजेच्या ८ टक्के पुढे असाल तर पहिली दुप्पट, ठोकळा आपल्याकडेच असेल तर ९ टक्क्यांवर पुन्हा दुप्पट, आणि आघाडी १२ टक्क्यांपर्यंत असेल तर समोरच्याने घ्यावी. तुमची १००, त्याची ११० असेल तर तुम्ही द्या, तो घेईल. त्याची ११५ असेल तर त्याने सोडावं.

सोंगट्या अजून एकमेकींत गुंतलेल्या असतील तर असं मोजता येत नाही. तिथे किट वूल्सी या अमेरिकन खेळाडूच्या नावाने चालणारी युक्ती मला सगळ्यात उपयोगी वाटते. समोरच्याच्या जागी आपण असतो तर घेतलं असतं की सोडलं असतं, हे छातीठोक सांगता येत नसेल, तर दुप्पट करून टाका. बरेच लोक "अजून थोडं पक्कं होऊ दे" म्हणत थांबतात. मग त्यांना एक चांगलं दान पडतं, आणि दुप्पट म्हटल्यावर समोरचा डाव सोडून एका गुणावर सुटून जातो.

एक अडचण मात्र आहे. समोरच्याची एकही सोंगटी बाहेर पडण्याआधी तुम्ही संपलात तर डाव दुहेरी धरतात, याला गॅमन म्हणतात. ठोकळ्यावर २ असेल तर सरळ ४ गुण. त्यामुळे गॅमनची भीती दिसत असेल तर २५ टक्क्यांवर घेणं महागात पडतं, जास्त आशा हवी.

सोंगट्यांचं थोडक्यात. पहिलंच दान ३-१ पडलं तर डोळे झाकून पाचव्या घरात जुग बांधा. ४-२ ला चौथ्या, ६-१ ला सातव्या. सलग सहा जुगांची भिंत झाली तर कुठल्याच दानाने ती ओलांडता येत नाही. एकटी सोंगटी ठेवावीच लागली तर अंतर बघा: मारणाऱ्यापासून सहा घरांवर असेल तर ३६ पैकी १७ दानं तिला मारू शकतात, सात घरांवर फक्त ६. एका घराचा फरक, पण धोका जवळजवळ तिप्पट. अगदी नाकासमोर, एकाच घरावर असेल तर ११. म्हणून लांब पळता येत नसेल तर जवळ चिकटून राहिलेलं बरं.

हे सगळं सुट्या डावांसाठी. ठरावीक गुणांच्या सामन्यात गुणफलक बघून २५ चा आकडा वरखाली होतो. शिवाय क्रॉफर्ड नियम असतो: कुणीतरी जिंकायला एका गुणावर आला की लगेचचा डाव ठोकळ्याविना. काकांना तो नियम साफ नामंजूर आहे. "सौदा नसेल तर यायचं कशाला?" म्हणतात, आणि त्या डावापुरते चहा टाकायला उठतात.