हॉलमध्ये होम थिएटर बसवताय? भिंत बंद व्हायच्या आधी या चुका टाळा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या हॉलचं काम दोनदा झालंय. एकदा दिवाळीच्या आधी आणि परत संक्रांतीनंतर, आणि दुसऱ्या वेळी जे तोडलं ते ज्याने बनवलं होतं त्याच्याच हाताने तोडून घेतलं. ठेकेदाराचं नाव घेत नाही, माणूस वाईट नाही, फक्त कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, "हो जाएगा भिया, टेंशन मत लो." आम्ही खरंच टेंशन घेतलं नाही, तिथेच सगळं बिघडलं.

टीव्ही आणि स्पीकर घरात सगळ्यात शेवटी येतात म्हणून आपल्याला वाटतं त्यांचा विचारही शेवटी करू. उलटं आहे ते. आधी बसायची जागा ठरवा, त्यावरून स्क्रीनचा साईज, मग स्पीकर कुठे येणार, मग वायरी, मग पाईप, मग पीओपी, आणि बढई सगळ्यात शेवटी (पुण्याचे पाहुणे आले की आमच्या "बढई"ला हसतात, सुतार म्हणा म्हणतात, पण आमच्या गल्लीत सुतार म्हणून हाक मारली तर कोणी वळून बघणार नाही). आमच्याकडे बढई पहिल्याच दिवशी प्लाय घेऊन हजर, आणि एकदा का सनमाईका चिकटला की पुढचं सगळं त्या लाकडाच्या हिशोबाने करावं लागतं.

आमचा हॉल 12 बाय 18 फूट. युनिट लांब भिंतीवर केलं, कारण "वहां अच्छा लगेगा". सोफा समोरच्या भिंतीला टेकला, डोळ्यापासून स्क्रीन नऊ फुटांवर, आणि युनिटमध्ये बढईने 55 इंचीच्या मापाचा खाचा बनवून ठेवला, बरोबर 50 इंच रुंद. आता साधा हिशोब बघा, पिक्चरची मजा यायची तर स्क्रीनच्या तिरक्या मापाच्या सव्वापट ते दीडपट, फार तर 1.6 पट अंतरावर बसावं. नऊ फूट म्हणजे 108 इंच, म्हणजे टीव्ही 70-75 इंचांचा पायजे, आणि 75 इंची साडेपाच फूट रुंद असतो, तो त्या खाच्यात जन्मात बसणार नाही. खाचा बनवूच नका. मागे सपाट पॅनल ठेवा, आत 18 मिमी प्लाय मारून घ्या म्हणजे वॉल माउंटचे स्क्रू कुठेही धरतील, उद्या मोठा टीव्ही घेतला तरी चालेल.

उंचीचं पण तेच झालं. खाली ड्रॉवर जास्त हवेत म्हणून टीव्ही वर गेला, मध्य पाच फुटांवर. सोफ्यावर बसल्यावर आपले डोळे जमिनीपासून साधारण 40 इंचांवर असतात, रिक्लायनरवर अजून खाली, आणि स्क्रीनचा मध्य त्याच्याच आसपास हवा. आई दोन दिवसांतच म्हणाली, "अरे, खजराना गणपतीच्या कळसाकडे बघत बसल्यासारखं होतंय, मान आखडली माझी."

आता पाईप. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात म्हणून जरा सविस्तर सांगतो. इलेक्ट्रिशियनने भिंतीत झिरी मारून 20 मिमीचा पाईप टाकला, वर पीओपीत दोन काटकोनी बेंड, वरून पुट्टी, पेंट, सगळं गुळगुळीत. मग आम्ही महाराणी रोडवरून 10 मीटरची एचडीएमआय केबल (टीव्हीपर्यंत चित्र आणि आवाज नेणारी) आणली. नायलॉनची दोरी बांधून खाली एकजण ओढतोय, वर स्टूलवर एकजण ढकलतोय, केबल पहिल्या बेंडपर्यंत आली आणि थांबली. केबल बारीक असते हो, पण तिचं डोकं, तो प्लग, जवळपास 20 मिमी रुंद! टेप काढला, साबणाचं पाणी घातलं, शेवटी इलेक्ट्रिशियनच्या पोऱ्याने जोर लावला आणि प्लगचं प्लास्टिक निघून दोरीबरोबर बाहेर आलं, केबल आतच. त्या रात्री नव्याकोऱ्या पीओपीला एक फुटाचं भोक पडलं. तुम्ही निदान 32 मिमीचा पाईप टाका, जमलं तर 40, काटकोनी एल्बो नको, लांब वळण द्या, आणि आत एक मोकळी दोरी सोडून ठेवा, पाच वर्षांनी केबलचा प्रकार बदलेल तेव्हा ती दोरीच कामी येईल. लाईटच्या 230 व्होल्टच्या वायरी त्याच पाईपात घालू देऊ नका, अंतर ठेवा, आणि क्रॉस करायचंच असेल तर काटकोनात.

अजून एक, 5 मीटरच्या पुढे साधी तांब्याची एचडीएमआय 4के सिग्नलला रडवते, स्क्रीन मध्येच काळी होते, परत येते, आणि आपण टीव्हीला शिव्या देत बसतो. तेवढ्या लांबीला ऑप्टिकल फायबरवाली घ्या, पण त्या केबलला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी ओढून भिंत बंद केली की काय होईल ते सांगायला नको. ओढायच्या आधी जमिनीवर पसरून चालवून बघा.

प्रोजेक्टर घ्यायचा विचार असेल तर आधी छताकडे बघा. 120 इंची पडदा पावणेनऊ फूट रुंद असतो, साध्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्याच्या रुंदीच्या किती पट लांब तो लावायचा) 1.5 असेल तर तो पडद्यापासून तेरा फुटांवर लटकणार, आणि मधे पंखा! आमच्या एका ओळखीच्यांकडे पंखा लावला की पिक्चरवर पात्याची सावली फिरते आणि बंद केला की मे महिन्यात लोक उठून जातात. दुसरं म्हणजे उजेड. इंदूरच्या दुपारी खिडकीच्या साध्या पडद्यांतून एवढा प्रकाश येतो की दिवसाची मॅच फिकी दिसते, वर पांढरं छत प्रोजेक्टरच्या पडद्याचाच उजेड परत त्याच्यावर फेकतं. सेहवागने 2011 मध्ये होळकर स्टेडियमवर 219 ठोकले ते आम्ही घरी डब्बा टीव्हीवर बघितले आणि ते यापेक्षा स्वच्छ दिसले असतील. क्रिकेट आणि आईच्या मालिका हाच मुख्य वापर असेल तर मोठा टीव्हीच घ्या, माझं स्पष्ट मत.

आवाज

व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेचं शोकेस, समोरासमोर कोऱ्या भिंती. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवा, ट्ण्ण असं ऐकू आलं तर कितीही महाग स्पीकर आणा, डायलॉग चावल्यासारखेच येतील. जाड गालिचा, जाड पडदे, कापडी सोफा यानेच निम्मं काम होतं. बाकीसाठी कापडाने मढवलेले दोन इंची रॉकवूलचे (दगडापासून बनवलेल्या लोकरीचे) पॅनल, आणि ते कुठे लावायचे तर तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा, आरशात जिथे पुढचा स्पीकर दिसेल तिथे. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, उपयोग जवळपास शून्य आणि आग लवकर पकडतात. आणि यातलं काहीही शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबवत नाही, ते काम वजनदार भिंतीचं आणि फटी बंद करण्याचं. आमची एक भिंत शेजारच्यांशी कॉमन आहे, तिकडच्या काकू दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला म्हणाल्या, "काल रात्री हिरो मेला वाटतं?" सबवूफर (फक्त बास, म्हणजे जाड दणका देणारा स्पीकर) त्या भिंतीवरून हटवला, खाली रबराचा पॅड घातला, तेव्हा जरा शांत झालं.

सबवूफरची जागा शोधायची एक वेडी पण चालणारी पद्धत आहे, तो सोफ्यावर आपल्या जागी ठेवा, दणक्याचं गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा, जिथे बास साफ ऐकू येईल तिथे सबवूफर. कोपऱ्यात ठेवला की नुसता घुमतो. सोफा पण मागच्या भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन फूट पुढे घ्या, नाहीतर बास फुगतो आणि मागच्या स्पीकरला जागाच उरत नाही.

आमच्याकडे एक खर्रर्र असा आवाज यायचा, फक्त जोरात बास आला की. आम्हाला वाटलं स्पीकर फाटला, दुकानदाराशी भांडून झालं. मग एका रविवारी तोच सीन परत परत लावला आणि हॉलमधल्या एकेका वस्तूवर बोट ठेवत गेलो, एसीची जाळी, ट्यूबलाईट, घड्याळ. शोकेसच्या सरकत्या काचेवर बोट ठेवलं आणि आवाज गायब. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून खोबणीत बसवली, संपलं. स्पीकर बिचारा ठीकच होता.

बाकी घोटाळे पटकन सांगतो. सारखी हं... अशी घरघर येत असेल तर आधी सेट टॉप बॉक्सची डिश केबल काढून बघा, बऱ्याचदा ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थिंग जोडलं गेल्याने येणारी घरघर) तिथूनच येतो. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर सेटिंगमध्ये ऑडिओ डिले शोधा. डायलॉग दबत असतील तर सेंटर स्पीकर (टीव्हीजवळचा मधला, डायलॉगवाला) कप्प्यात खोल ढकललेला असेल, तो कडेपर्यंत पुढे ओढा आणि तोंड कानाकडे करा. आवाज पोकळ, बास नाहीच, तर एखाद्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलीय. डॉल्बी अॅटमॉस (वरूनही आवाज आल्यासारखं वाटतं तो प्रकार) येत नाही तर बघा ऑप्टिकल ऑडिओ केबल तर नाही लावली, तिच्यातून ते जातच नाही, टीव्हीच्या ईआर्क (eARC) लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच जोडा. अॅम्प्लिफायर तासाभरात आपोआप बंद होतो? दार लावलेल्या कपाटात कोंडलाय, वर चार इंच जागा आणि मागे जाळी द्या. आणि स्क्वेअर वेव्हवाल्या जुन्या इन्व्हर्टरवर हा संसार चालवू नका, प्युअर साइन वेव्ह घ्या.

शेवटचं, पुट्टी मारायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, बाजूला मेजरिंग टेप उघडा धरून, म्हणजे कुठला पाईप कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते दिसेल. दुसऱ्या वेळी मी हे पण विसरलो होतो, बायकोने काढून ठेवले, आणि मागच्या महिन्यात पडद्याचा रॉड लावायला आलेला माणूस ड्रिल घेऊन ज्या ठिकाणी उभा होता, फोटोत बरोबर त्याच्याच मागे 32 मिमीचा पाईप होता.