मॉर्फिंग फिल्टर: दोन टोकं लावलीत, मधलं ऐकलंत का?

नवरात्रीच्या आधीची, दांडिया बाजारातली आमची तालीम. मी हौसेनं सिंथेसायझरवर पॅड (लांब, मऊ आवाज) धरून मॉडव्हील, म्हणजे कीबोर्डच्या कडेचं चाक, वर नेत होतो. त्या चाकाला मॉर्फिंग फिल्टर जोडला होता: एका फिल्टरमधून दुसऱ्यात हळूहळू नेणारा. लो-पासचा (खालचे सूर जाऊ देणारा) दबका, जाड आवाज हळूहळू हाय-पासच्या (वरचे सूर जाऊ देणाऱ्या) पातळ आवाजात शिरत होता. घरी हेडफोनवर झकास वाटलं होतं. इथे व्हील अर्ध्यावर आलं आणि ढोलवाले काका हात थांबवून म्हणाले, "अरे, तुझा सूर कुठे गेला?"

खरंच गेला होता. ओबरहाइमच्या एसईएम या सिंथेसायझरसारख्या (१९७४) फिल्टरमध्ये लो-पास आणि हाय-पास सारखेच मिसळले की मधोमध नॉच तयार होतो, म्हणजे कटऑफच्या (फिल्टर जिथून कापायला लागतो त्या फ्रीक्वेन्सीच्या) जागी आवाजात खड्डा पडतो. माझा कटऑफ २२० हर्ट्झवर आणि धरलेला सूरही २२०चाच. मूळ सूरच खड्ड्यात!

आता मी की-ट्रॅकिंग (सुराबरोबर कटऑफही सरकणं) पूर्ण ठेवतो आणि कटऑफ सुराच्या साधारण साडेतीनपट. खड्डा तिसऱ्या आणि चौथ्या हार्मोनिकच्या (मूळ सुराच्या तिप्पट आणि चौपट फ्रीक्वेन्सीच्या) मध्ये पडतो, कुणाचं काही बिघडत नाही. मात्र हाय-पासच्या टोकाला मूळ सूर वीसेक डेसिबलनं उतरतोच. ढोलापुढे तो टिकणार कसा? म्हणून एक ऑसिलेटर (आवाज निर्माण करणारा भाग) फिल्टरला न देता सरळ बाहेर सोडायचा. सिरम, व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथमध्ये हे एका बटणाचं काम आहे.

बोलण्यातल्या 'आ', 'ई' अशा स्वरांचे फिल्टर लावताना वेगळी गंमत होते. 'आ'चा फिल्टर आणि 'ई'चा फिल्टर समांतर लावून नुसता क्रॉसफेड केला (एक कमी करत दुसरा वाढवला) तर मध्ये 'ए' मिळत नाही. दोन माणसं एकदम 'आ' आणि 'ई' म्हणताहेत असं ऐकू येतं. मधला स्वर हवा तर फिल्टरची शिखरंच (तो ज्या फ्रीक्वेन्सी उठवतो त्या) एका जागेवरून दुसरीकडे सरकायला हवीत. १९९३च्या ई-म्यू मॉर्फियस या सिंथमधले चौदा पोलचे (म्हणजे बरेच गुंतागुंतीचे) झेड-प्लेन फिल्टर नेमकं हेच करत. त्यातही एक खोच होती: मॉर्फ सूर चालू असताना फिरवता यायचा, पण फ्रीक्वेन्सी ट्रॅकिंग (शिखरं कुठे बसणार ते) सूर दाबतानाच ठरून जायचं. व्हील फिरवून काही बदलत नसेल तर आधी आपल्या यंत्रात असं काही नाही ना, ते पाहा.

आणि कृपा करून साइन वेव्हवर मॉर्फिंग करू नका. तिच्यात एकच फ्रीक्वेन्सी, फिल्टर कोरणार काय? आवाज फक्त लहानमोठा होतो. सॉटूथ वेव्ह घ्या, तिच्यात सगळे हार्मोनिक असतात.

व्हील फिरवताना बारीक करकर येत असेल तर केबलला शिव्या देऊ नका (मी दोन बदलल्या). साध्या मिडी (वाद्यांना जोडणारी डिजिटल भाषा) कंट्रोलला ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या असतात, आणि रेझोनन्स (कटऑफजवळ शिखर उठवणारं बटण) चढवलेला असला की प्रत्येक पायरी कानाला टोचते. स्मूदिंग (पायऱ्या गुळगुळीत करणारी सेटिंग) वाढवा, नाहीतर हे काम संथ एलएफओकडे, म्हणजे आपोआप वरखाली फिरवणाऱ्या सावकाश लहरीकडे, द्या.

रेझोनन्स मात्र सगळं जुळल्यावरच चढवा, तोही व्हील पूर्ण फिरवून मीटरकडे बघत. एका टोकाला गोड वाटणारं शिखर मधल्या वाटेत एखाद्या हार्मोनिकवर बसलं, की मैदानातले स्पीकर किंचाळतात.