हायस्कूलच्या गोल्फ टीममध्ये खेळताय? या चुका टाळा

ट्रायआउटच्या (टीम निवडीच्या चाचणीच्या) आदल्या आठवड्यात मुलाला पाचशे डॉलरचा नवा ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) घेऊन देणारे आईबाबा अमेरिकेतल्या प्रत्येक हायस्कूलच्या गोल्फ टीमभोवती सापडतात. त्याच मुलाला प्रोव्हिजनल बॉल म्हणजे काय विचारलं, तर तो बुटांकडे बघतो. ड्रायव्हरने दहा यार्ड वाढतील, वाढोत बापडे. नियम न कळल्याने जे फटके वाढतात ते दोन-दोनच्या भावाने वाढतात, आणि कधी कधी पूर्ण राउंडच बाद होते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. हायस्कूल गोल्फचं वेगळं रूलबुक नाही. यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांचे नियम जसेच्या तसे लागू होतात. येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर जे नियम, तेच इथे. त्यावर राज्याच्या संघटनेचे नियम बसतात: टेक्ससमध्ये यूआयएल, न्यू जर्सीत एनजेएसआयएए, इलिनॉयमध्ये आयएचएसए, कॅलिफोर्नियात सीआयएफ. मग लीगचे, कोर्सचे स्थानिक नियम आणि शेवटी कोचचे. सीझनसुद्धा राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सीत गोल्फ वसंतात, इलिनॉयमध्ये शाळा उघडतानाच, कॅलिफोर्नियात मुलींचा शरद ऋतूत आणि मुलांचा वसंतात. जूनमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनहून इलिनॉयमधल्या नेपरव्हिलला घर हलवलंत आणि 'ट्रायआउट मार्चमध्ये असतील' म्हणून निवांत बसलात, तर ऑगस्टमध्येच टीम ठरलेली असेल.

मॅच बहुतेक आठवड्याच्या मधल्या वारी, शाळा सुटल्यावर, ९ होलची. टीममध्ये पाच किंवा सहा खेळाडू आणि त्यातल्या चांगल्या चौघांचा स्कोअर धरायचा. टेक्ससमध्ये पाचांतले चार, इलिनॉयच्या राज्य स्पर्धेत सहांतले चार. आणि मुख्य म्हणजे कोर्सवर पंच नसतो. चौदा-पंधरा वर्षांची तीन-चार पोरं एकमेकांचा हिशोब ठेवत फिरत असतात. पुढच्या सगळ्या भानगडी यातूनच निघतात.

कार्ड न वाचता सही करणं

या एका चुकीवर पाच मिनिटं द्यायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून ती दर सीझनला होते. प्रसंग नेहमी याच वळणाने जातो. आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून घेतलेत.

चौथा होल, पार ४ (चार फटक्यांत संपावा असा). ड्राइव्ह, म्हणजे पहिला फटका, उजवीकडे झाडांत. दुसरा फटका आडवा, नुसता फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) यायला. तिसरा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), चौथ्याला बाहेर, मग पटरचे (भोकाजवळ बॉल ढकलायच्या क्लबचे) दोन. झाले सहा. पाचव्या टीवर (होल सुरू करायच्या जागी) मार्कर, म्हणजे त्याचं कार्ड लिहिणारा दुसरा खेळाडू, विचारतो, 'किती?' मुलगा चिडलेला असतो, पटकन 'फाइव्ह' म्हणून मोकळा होतो. झाडांतून आडवा मारलेला फटका तो विसरलेला असतो. हा विसर ठरलेलाच, कारण तो फटका पुढे जात नाही, म्हणून डोक्यात मोजलाच जात नाही. मार्कर ५ लिहितो. नवव्या होलनंतर सगळ्यांना भूक लागलेली, बस उभी. दोन सह्या, कार्ड टेबलावर. बसमध्ये कुणीतरी त्या होलची गंमत सांगायला लागतो आणि बोटं मोजता मोजता सगळे गप्प होतात.

आता नियम ३.३ब बघा. होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून कार्ड दिलं की खेळाडू बाद. जास्त लिहिला असेल तर तो जास्तीचाच कायम. (दंडाचा फटका पडला होता हे कार्ड देताना खेळाडूला माहीतच नव्हतं, तर बाद करत नाहीत, तो दंड स्कोअरमध्ये मिळवतात. पण स्वतः मारलेला फटका विसरणं त्यात बसत नाही.) टीमचे चार स्कोअर होते ४१, ४३, ४६, ४८, म्हणजे १७८. समोरच्यांचे १८१. हा ४३वाला बाद झाला की पाचव्याचे ५२ आत येतात आणि बेरीज १८७. मॅच गेली. खरं ४४ लिहिलं असतं तर १७९ होऊन मॅच जिंकलेलीच होती.

हे फक्त पोरांचं होतं असं नाही. १९६८ च्या मास्टर्समध्ये रोबेर्तो दे विसेंझोने शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर ३ केले, मार्करने ४ लिहिले, त्याने सही केली. तो एक फटका कायम राहिला आणि बॉब गोल्बीबरोबरचा प्लेऑफ हुकला. २०२४ मध्ये जेनेसिस इन्व्हिटेशनलला जॉर्डन स्पीथने पार ३ च्या चौथ्या होलवर ४ केले होते, कार्डावर ३ होते. सही झाली, स्पीथ बाद.

उपाय सवयीचा आहे. ग्रीनवरून (भोकाभोवतीच्या बारीक गवतावरून) पुढच्या टीकडे चालताना फटके जागेवरून मोजायचे: 'टी, झाडं, फेअरवे, बंकर, पटरचे दोन.' आकडा तोंडाने मोठ्यांदा सांगायचा आणि मार्करनेही तो उलट म्हणायचा. कार्डावर स्वतःसाठी एक ओळ असते, तीही भरायची. 'तीन होल झाले की एकदम लिहू' हा शॉर्टकट ज्यांना आवडतो, त्यांच्याच कार्डात घोळ निघतात. शेवटी टेबलाजवळ उभं राहून प्रत्येक होल वाचायचा: पहिला ५, दुसरा ४, तिसरा ६. बेरजेची चिंता करू नका, ती कमिटीचं (स्पर्धा चालवणाऱ्यांचं) काम. चौकटीतले आकडे मात्र तुमचे. सही सगळ्यात शेवटी. कार्ड हातातून जाईपर्यंत दुरुस्ती चालते, गेल्यावर नाही. फोनवरच्या लाइव्ह स्कोअरला अधिकृत कार्ड समजू नका, कमिटीने तसं जाहीर केलं असेल तरच ते कार्ड.

'दिला' म्हणून बॉल उचलणं

रविवारी बाबांच्या ग्रुपमध्ये दोन फुटांचा पट (भोकात घालायचा हलका फटका) 'दिला, दिला' करत, न मारताच गेला असं धरून, बॉल उचलायची सवय मुलाला लागलेली असते. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात त्या प्रकारात) बॉल भोकात गेलाच पाहिजे. उचललात, पुढच्या टीवरून मारलंत, की बाद. लक्षात आलं तर पुढचा टी शॉट मारायच्या आत परत जा, उचलल्याचा एक दंडाचा फटका घ्या, बॉल होता तिथे ठेवा आणि आत घाला. समोरच्याने 'पिक इट अप' म्हटलं तरी तो तुमचा मित्र आहे, कमिटी नाही. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचा असतो त्या प्रकारात) पट देणं चालतं, म्हणून आज कोणता प्रकार आहे ते पहिल्या टीआधी विचारून घ्या. काही लीगमध्ये होलला कमाल स्कोअर ठरवलेला असतो, पारच्या दुप्पट वगैरे. तिथे तो आकडा गाठला की उचलता येतं. पण हे नियमाच्या कागदावर लिहिलेलं हवं, कानावर आलेलं पुरत नाही.

प्रोव्हिजनल न सांगता दुसरा बॉल मारणं

पहिला बॉल हरवला असेल म्हणून राखीव मारून ठेवायचा तो प्रोव्हिजनल बॉल. आता प्रसंग बघा. ड्राइव्ह झाडांकडे गेला. मुलगा खिशातून दुसरा बॉल काढतो, 'चल, अजून एक मारतो' म्हणतो आणि मारतो. पुढे गेल्यावर पहिला बॉल छान गवतात सापडतो. खूश होऊन तो खेळतो. इथे तो दोनदा फसला. मारण्याआधी प्रोव्हिजनल म्हणून स्पष्ट सांगितलं नाही, म्हणजे दुसरा बॉलच खेळातला झाला, आणि एक दंडाचा धरून टीवरून मारलेला तो त्याचा तिसरा फटका ठरला. पहिला बॉल आता चुकीचा बॉल. तो मारला की दोन फटके दंड. चूक न सुधारता पुढच्या टीवरून मारलं, तर बाद.

'अजून एक मारतो' पुरत नाही. प्रोव्हिजनल हा शब्द, किंवा त्याच अर्थाचं नीट वाक्य, बरोबरच्यांना ऐकू जाईल असं यायला हवं. जोडीला बॉलची खूणही सांगायची: 'टायटलिस्ट ३, दोन निळे ठिपके.' दोन्ही बॉल एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे आणि बिनखुणेचे असतील तर झाडीत कुठला कुठला ते ठरवताच येत नाही. दीड डॉलरच्या मार्कर पेनने सगळ्या बॉलवर घरी खूण करून ठेवा.

शोधायला मिळतात तीन मिनिटं. २०१९ पूर्वी पाच होती, आणि बाबांना अजून तीच आठवतात. घड्याळ शोध सुरू केल्यापासून चालतं, बॉल मारल्यापासून नाही. बॉल नक्की लाल किंवा पिवळ्या खुंट्यांच्या पाण्यातच गेलाय हे माहीत असेल, तर प्रोव्हिजनल चालत नाही. तिथे पेनल्टी एरियाचा (खुंट्यांनी आखलेल्या त्या भागाचा) नियम.

पांढऱ्या खुंट्यांबाहेर, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर, गेलेल्या बॉलसाठी कुंपणाजवळ ड्रॉप करून (हातातून बॉल खाली सोडून) 'एक दंड' म्हणणं, हाही रविवारचाच संस्कार. मूळ नियम असा: एक फटका दंड आणि आधीच्याच जागेवरून परत. दोन फटके दंड घेऊन फेअरवेच्या कडेला ड्रॉप करायची सवलत हा स्थानिक नियम आहे. तो त्या दिवशी लागू केला असेल तरच. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्याच्या नाही.

नियम आठवत नसेल तर बरोबरच्या पोरांचं मतदान घेऊ नका. स्ट्रोक प्लेमध्ये यासाठी सोय आहे. पुढचा फटका मारण्याआधी 'मी दोन बॉल खेळतोय, यातला हा मोजायला हवा' असं सांगा, दोन्हींनी होल पूर्ण करा, दोन्ही आकडे लिहा आणि कार्ड देण्याआधी कमिटीला सगळं सांगा. दोन्ही आकडे सारखे आले तरी सांगायचंच, नाही सांगितलं तर बाद. नव्या मुलाने इतर काही पाठ केलं नाही तरी चालेल, हे करावं.

एका-एका ओळीत

बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब: भावाची वेज आत राहिलेली असते. ज्या ज्या होलवर जास्तीचा होता त्याला दोन फटके, एकूण चारापर्यंत. बसमध्ये चढण्याआधी मोजा.

लेझर रेंजफाइंडरचा (अंतर मोजायच्या यंत्राचा) स्लोप, म्हणजे चढउतार मोजणारी सोय, चालू: पहिल्यांदा दोन फटके, दुसऱ्यांदा बाद. घरीच बंद करा.

'कुठला क्लब घेतलास?' विचारणं: दोन फटके, आणि उत्तर देणाऱ्यालाही दंड, टीममधला मित्र असला तरी. 'झेंडा किती यार्डांवर?' विचारलेलं चालतं.

टी टाइमला उशीर: पाच मिनिटांपर्यंत दोन फटके, त्यानंतर बाद. शॉटगन स्टार्टला (सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करतात तेव्हा) वेळ म्हणजे आपल्या होलवर उभं असण्याची वेळ.

बंकरमध्ये बॉलच्या मागे क्लब वाळूला टेकवणं: दोन फटके. पानं, काटक्या उचलल्या तर २०१९ पासून चालतं.

क्लब फेकणं: दंड कमिटी काय देईल ते देईल, कोच पुढच्या मॅचला बसवेल हे नक्की.

मेघगर्जना: कमिटीने थांबा म्हटल्यावर 'हा एक फटका मारतो' म्हणजे बाद. शाळांमध्ये शेवटच्या गडगडाटानंतर किमान ३० मिनिटं वाट बघतात.

आईबाबांच्या चुका

बॅग उचलायला धावू नका. शाळेच्या गोल्फमध्ये बहुतेक ठिकाणी कॅडी चालत नाही आणि मुलाने स्वतः चालत, बॅग खांद्यावर किंवा पुशकार्टवर न्यायची असते. प्रेक्षकांनी कार्टच्या वाटेवर, लांबून.

'सात नंबर घे रे' असं मराठीत ओरडलं तर कुणाला कळणार, हा हिशोब फार जणांचा असतो. समोरच्या कोचला मराठी येत नाही, पण बाबा ओरडले आणि मुलाने हातातला क्लब बॅगेत टाकून दुसरा काढला, हे त्याला दिसतं. मुलाने सल्ला मागितला तर थेट दोन फटके. न मागता मिळत राहिला आणि त्याने थांबवलं नाही, तर मागितल्यासारखाच धरला जातो. कोचने कधी आणि कुठे बोलायचं हेही राज्यागणिक ठरलेलं असतं, मग बाबांची गोष्टच सोडा.

आणखी एक. दुपारची टी टाइम शाळेला कोर्स बहुतेक फुकट किंवा नाममात्र दरात देतो, पैसे भरणारे मेंबर मागे ताटकळतात. उपटलेली माती परत न लावणं, ग्रीनवरचे बॉलचे खड्डे तसेच सोडणं, टीवर गप्पा मारत बसणं, याची तक्रार मुलाच्या नावाने येत नाही, शाळेच्या नावाने येते. फटक्यासाठी ४० सेकंद पुरतात. कॉलरचा शर्ट आत खोचलेला, जीन्स नाही, हे तर कोच पहिल्याच दिवशी सांगतो.

कागद

डॉक्टरांचा स्पोर्ट्स फिजिकलचा (खेळासाठीच्या शारीरिक तपासणीचा) फॉर्म नसेल तर ट्रायआउटच्या पहिल्या दिवशी मुलाला कोर्सवर उभंही करत नाहीत, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) कितीही चांगला असो. गुणांचंही तसंच: टेक्ससमध्ये ग्रेडिंग पिरियडच्या शेवटी एका विषयात ७० च्या खाली गेलं की किमान तीन आठवडे मॅच बंद, सराव तेवढा चालतो. शाळेबाहेरच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून गिफ्ट कार्ड मिळत असेल तर घेण्याआधी राज्याची मर्यादा विचारा, ती यूएसजीएच्या मर्यादेपेक्षा कमी असू शकते.

मार्चच्या ट्रायआउटसाठी डॉक्टरांची वेळ जानेवारीत घ्या. वार्षिक तपासणीच्याच वेळी शाळेचा फॉर्म बरोबर न्या, म्हणजे बहुतेक वेळा वेगळे पैसे जात नाहीत. सर्दीतापासाठी गेलेल्या भेटीची नोंद यात चालत नाही. निघण्याआधी सही, तारीख आणि शिक्का तिन्ही आहेत ना ते काउंटरवरच बघा, कारण शाळेकडून मंजुरी यायलाही दिवस लागतात आणि अर्धवट फॉर्म परत आला की ते दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.