डायनॅमिक लायब्ररीतलं फंक्शन कॉल करण्याआधी काय तपासावं

डीएलसिमने (लायब्ररीतलं फंक्शन नावावरून शोधणारं फंक्शन) पत्ता दिला म्हणजे फंक्शन बिनधास्त कॉल करता येतं, असं नाही. लोडर (लायब्ररी मेमरीत आणणारा सिस्टमचा भाग) फक्त नाव जुळवतो. सी फंक्शन किती आणि कोणत्या टाइपचे पॅरामीटर घेतं, हे सिम्बॉल टेबलात (लायब्ररीतल्या नावांच्या यादीत) नसतंच. पुढच्या पायऱ्या लिनक्स धरून आहेत.

१. लोड करण्याआधी फाइल पाहा. लायब्ररीतले कन्स्ट्रक्टर (लोड होताना आपोआप चालणारी फंक्शनं) डीएलओपन, म्हणजे लायब्ररी लोड करणारं फंक्शन, परतण्याआधीच चालून जातात, त्यामुळे फाइल विश्वासाची आहे का, हे नंतर बघून उपयोग नाही. पूर्ण पाथ द्या. नुसत्या नावावर भलत्याच फोल्डरमधली फाइल उचलली जाऊ शकते. अनोळखी फाइलवर एलडीडी (लायब्ररीला लागणाऱ्या इतर लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवू नका, कधीकधी ते त्यातला कोड चालवतं. त्याऐवजी ‘एनएम --डायनॅमिक’ ही नावांची यादी दाखवणारी कमांड वापरा. नावाआधी ‘टी’ दिसलं तर फंक्शन आत आहे, ‘यू’ दिसलं तर ते दुसऱ्या लायब्ररीतून येणार आहे. नाव ‘_झेड’ने सुरू होत असेल तर ते सी++ने बदललेलं आहे, लायब्ररी तुमचीच असेल तर तिथे एक्स्टर्न सी (नाव सीसारखं जसंच्या तसं ठेवण्याची सूचना) लावा.

२. डीएलओपनला आरटीएलडी_नाऊ (लागणारी सगळी फंक्शनं लोड करतानाच शोधायला सांगणारा पर्याय) द्या. आरटीएलडी_लेझी दिलं तर न सापडलेलं फंक्शन पहिल्या कॉलला कळतं आणि प्रोग्राम तिथेच बंद पडतो. नाऊमध्ये डीएलओपनच नल (रिकामा पॉइंटर) देतं, म्हणजे चूक हाताळायला वाव राहतो.

३. आधी डीएलएरर (शेवटची चूक सांगणारं फंक्शन) कॉल करून जुनी चूक पुसा, मग डीएलसिम, मग पुन्हा डीएलएरर. फंक्शनचा पत्ता नल आला तर चूक नोंदलेली नसली तरी कॉल करू नका.

४. आवृत्ती जुळवा. बहुतेक जण गाळतात ती हीच पायरी. समजा, आधी इंट घेणारं फंक्शन नव्या आवृत्तीत डबल घेऊ लागलं. ६४-बिट इंटेल-एएमडी मशीनवर तुमचा कोड आकडा ईडीआय रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या जागेत) ठेवतो, फंक्शन मात्र एक्सएमएम० हे दुसरंच रजिस्टर वाचतं. तिथे आधीचं जे काही उरलेलं असेल, त्यावरच हिशोब होतो. क्रॅश नाही, चूक झाल्याचा संदेश नाही, फक्त उत्तर चुकीचं. म्हणून लायब्ररीत एबीआय (कंपाइल झालेल्या कोडमधला कॉलचा करार) क्रमांक देणारं, पॅरामीटर नसलेलं आणि कधीही न बदलणारं एक फंक्शन ठेवा; क्रमांक जुळला तरच पुढे जा. स्ट्रक्चर पाठवत असाल तर त्याचं पहिलं फील्ड त्याचा आकार सांगणारं ठेवा.

सेगफॉल्टचा (चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा) सिग्नल पकडून ‘कॉल करून बघू’ हा उपाय मात्र नको. तोवर मेमरी बिघडलेली असू शकते. भरवसा नसलेला कोड वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा.

५. डीएलक्लोजने लायब्ररी बंद केल्यानंतर जुने पॉइंटर आपोआप नल होत नाहीत. त्या लायब्ररीचा कॉलबॅक (नंतर बोलावण्यासाठी दिलेलं फंक्शन) कुठे नोंदलेला असेल किंवा थ्रेड चालू असेल, तर पुढचा कॉल रिकाम्या जागी जातो. शंका असेल तर लायब्ररी बंदच करू नका. थोडी मेमरी अडकून राहिली तर चालेल.

विंडोजवर गेटप्रॉकअॅड्रेस (तिथलं डीएलसिम) नल देतं का ते पाहा. नाव सापडलं नाही तर गेटलास्टएरर १२७ सांगतो. ३२-बिट प्रोग्राममध्ये एसटीडीकॉल आणि सीडीईसीएल या कॉल करण्याच्या दोन पद्धतींची गल्लत झाली की स्टॅक बिघडतो, तेव्हा पॉइंटरच्या टाइपमध्ये कॉलिंग कन्व्हेन्शन स्पष्ट लिहा.