स्ट्रॅटेजी गेम आपलासा करताना या चुका टाळा

'सिव्हिलायझेशन ६' सुरू केला, पहिलं शहर वसवलं आणि लगेच त्याचं नाव बदलून 'सिंधुदुर्ग' ठेवलं. शहर मात्र वाळवंटाच्या मधोमध! कोकणातल्या खेळाडूंची ही हमखास होणारी चूक. दहा चाली होतात आणि नावाचा खेळाशी काही संबंध उरत नाही.

आधी नकाशा बघा, नाव मागाहून. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग बांधला, तो दर्यावर वचक ठेवण्यासाठी. खेळात असं ठिकाण सापडेपर्यंत ते नाव राखून ठेवा. खाडीच्या तोंडाशी शहर वसलं, तर त्याला 'विजयदुर्ग' शोभेल. खराही वाघोटन खाडीच्या मुखाशीच आहे. आणि एकदा नाव दिलंत की तिथे आधी बंदर बांधा, गलबतं बांधा, घोडदळाचं नंतर बघू. खेळात जीव रमतो तो अशा स्वतःच घातलेल्या बंधनांमुळे. झेंड्याचा रंग बदलणं त्यापुढे किरकोळ.

काळाचंही भान हवं. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' १४४४ साली सुरू होतो. तेव्हा सिंधुदुर्ग कुठला? दाभोळ, चौल ही बंदरं मात्र गजबजलेली होती, तीच नावं घ्या. आंग्र्यांचं आरमार डोक्यात असेल तर 'एम्पायर: टोटल वॉर' बरा. तो १७०० पासून सुरू होतो आणि त्यात मराठे घेऊन खेळता येतं.

देवनागरीत लिहिलेल्या शहराच्या नावाच्या जागी चौकोनी डबे दिसतात? बऱ्याच गेमच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. फॉन्टचा मॉड (खेळात बदल करणारी, खेळाडूंनी बनवलेली जोड-फाइल) मिळाला तर ठीक, नाहीतर रोमन लिपीत लिहून मोकळे व्हा.

मॉड ढिगाने टाकू नका. एक टाका, गेम चालवून बघा, मग दुसरा. काही बिघडलंच तर निम्मे बंद करून पाहा, दोषी लवकर सापडतो. गेम अपडेट झाल्यावर जुनी सेव्ह (जतन केलेला डाव) उघडेनाशी झाली, तर स्टीमवर (गेम विकत घेऊन चालवायच्या ॲपवर) गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या 'बीटाज'मध्ये जुनी आवृत्ती मिळते का ते बघा. 'युरोपा'साठी ती मिळते.

आता आयर्नमॅन, म्हणजे खेळायची एक कडक पद्धत. यात एकच सेव्ह असते आणि तीच पुन्हापुन्हा वर लिहिली जाते, त्यामुळे हरल्यावर मागे जायची सोय नाही. मजा खरी त्यातच आहे. पण आपल्याकडे मृगाचा पहिला वारा सुटला की लाइट गेलीच म्हणून समजा! नेमकी सेव्ह होताना ती गेली तर फाइल खराब होऊन अख्खं राज्य बुडू शकतं. इन्व्हर्टर नसेल तर पावसाळ्यात साधी सेव्ह ठेवा आणि हरलो तरी मागची उघडायची नाही, हे स्वतःशीच ठरवा. 'युरोपा'त अचीव्हमेंट (कामगिरीबद्दल मिळणारी बिरुदं) आयर्नमॅनशिवाय मिळत नाहीत, त्यामुळे त्या हव्या असतील तर तो डाव दिवाळीनंतर मांडा.