मेलेल्या सैनिकाची कॉमिक मालिका कशी रचावी

मरून पुन्हा उठलेला सैनिक हा कॉमिक मालिकेचा नायक करायचा असेल, तर पहिली चौकट आखण्याआधी मृत्यूने त्याचे काय नेले आणि काय मागे ठेवले, हे कागदावर लिहून काढावे. ज्याला पुन्हा मरण नाही, त्याच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला तरी वाचकाच्या जिवाला घोर लागत नाही. म्हणून नुसत्या लढायांच्या जोरावर अशी मालिका फार काळ तग धरत नाही. सैनिकाचे आयुष्य हुकुमावर चालते. तेव्हा मेल्यानंतर त्याला हुकूम कोण देतो, आणि तो मोडायची ताकद त्याच्यात उरली आहे का, हा प्रश्न मालिकेचा कणा मानावा, असे माझे ठाम मत आहे.

याचा चांगला नमुना म्हणजे १९७४ साली मार्व्हलच्या ‘अस्टॉनिशिंग टेल्स’च्या २५व्या अंकात अवतरलेला, रिच बकलर आणि डग मेंच यांचा डेथलॉक. ल्यूथर मॅनिंग या अमेरिकी कर्नलचे मृत शरीर यंत्रे जोडून पुन्हा चालते केले जाते आणि त्याच्या डोक्यातला संगणक त्याच्याशी बोलू लागतो. माणूस आणि त्याच्यावर हक्क सांगणारी व्यवस्था यांचा झगडा एकाच डोक्यात आणून बसवल्यामुळे नायक एकटा चालत असतानाही पानावर संघर्ष चालू राहतो. आपल्या मालिकेत असे दोन आवाज असतील, तर दोघांच्या संवादाच्या फुग्यांचे आकार आणि अक्षरांचे वळण पहिल्या अंकापासून वेगळे ठेवावे व ते शेवटपर्यंत बदलू नये.

त्याहून जुने नमुने शोधताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. अमेरिकेत १९५४च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे कॉमिक प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीने, चालत्या मुडद्यांची दृश्ये निषिद्ध ठरवली होती आणि १९७१ साली रक्तपिपासू (व्हॅम्पायर) व नरवृक (लांडग्याचे रूप घेणारा माणूस) यांना सवलत मिळाली, तरी झोंबींना ती मिळाली नव्हती.

आता शरीराकडे वळू. जिवंत नायकाच्या जखमा पुढच्या अंकात भरून आल्या तरी चालते. मेलेल्याच्या भरून येत नाहीत, आणि वाचक हे बारकाईने पाहत असतो. नायकाची पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी अशी चार पूर्ण चित्रे काढून त्यांवर प्रत्येक जखम, फाटलेली बाही, तुटलेले बटण यांची नोंद अंक क्रमांकासह करत जावी. डाव्या तळहातातून गोळी आरपार गेली असेल, तर त्या हाताने पेला उचलताना भोकातून मागची भिंत दिसली पाहिजे. अशी एक चौकट पानभर रक्तापेक्षा अधिक सांगून जाते. गणवेश कोणत्या युद्धाचा, हे ठरवून पट्टे, बूट आणि बंदूक त्याच काळातील छायाचित्रे पाहून काढावीत.

छापील अंकात पहिले पान उजव्या हाताला येते, म्हणजे विषम पाने उजवीकडे आणि सम पाने पान उलटल्यावर दिसतात. धक्का द्यायचा प्रसंग नेहमी सम पानाच्या पहिल्या चौकटीत ठेवावा. समजा, नायक बऱ्याच वर्षांनी घरी परततो: पाचव्या पानाच्या तळाशी फक्त कडीवर ठेवलेला राखाडी हात दाखवावा, आणि पान उलटल्यावर दार उघडणारी म्हातारी झालेली पत्नी समोर यावी. तिचा चेहरा मोठा काढावा, त्याचा मुळीच दाखवू नये आणि त्या चौकटीत एकही शब्द घालू नये. ही मांडणी मनात जुळवण्याऐवजी सगळ्या पानांचे अंगठ्याएवढे कच्चे आराखडे एका कागदावर काढून तपासणे सोयीचे पडते. रंग थोडेच वापरावेत आणि त्याच्या कातडीचा रंग इतर कुठल्याही पात्राला देऊ नये.

मालिका किती अंकांची, हे आधीच ठरवावे आणि त्याला कायमची विश्रांती कशाने मिळेल, याचा नियम पहिल्या दोन अंकांतच वाचकाच्या कानावर घालावा. तो नियम पुढे अडचणीचा वाटला तरी बदलू नये, कथानक वळवावे.